येऊरच्या ऐनावरचे रेशीम पतंग: नवख्यांसाठी ओळख, वर्गीकरण आणि जीवनचक्र

दर पावसाळ्यात ठाण्यातल्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरतो. जिन्याच्या भिंतीला तळहाताहून मोठा तपकिरी पतंग चिकटलेला आणि खाली मजकूर: ‘अतिदुर्मिळ, सर्वांना पाठवा.’ पतंग खरा असतो. दुर्मिळ मात्र म्हणतात तितका नसतो. पंखांवर तो फार फार तर आठ-पंधरा दिवस काढतो, तेही रात्री, म्हणून आपल्या नजरेला पडणं हा योगायोग ठरतो. वर्षाचा बाकी सगळा काळ तो अंडं, सुरवंट किंवा कोष होऊन कुठल्यातरी ऐनावर, मोईवर नाहीतर रामफळावर असतोच, फक्त आपण तिकडे बघत नाही.

तेव्हा सुरुवातीलाच सांगतो: पतंगाच्या मागे धावू नका, झाडं ओळखायला शिका. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पायरी १: कोण कुणाचं, हे समजून घ्या

‘रेशमाचा किडा’ म्हटलं की तुतीवरचा पांढरा किडा डोळ्यांपुढे येतो. त्याचं शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी, कूळ बॉम्बिसिडी. माणसाने तो हजारो वर्षं घरात पाळला, इतका की आज त्याच्या पतंगाला धड उडता येत नाही. येऊरला, ठाण्यालगतच्या जंगलात, दिसतात ते याच्यापेक्षा वेगळे. त्यांचं कूळ सॅटर्निडी, म्हणजे रानातले रेशीम पतंग.

वरून खाली उतरायचं तर मांडणी अशी आहे. संधिपाद संघ, कीटक वर्ग, लेपिडोप्टेरा गण (फुलपाखरं आणि पतंग दोन्ही यातच), बॉम्बिकॉइडिया हे अधिकुल आणि त्याखाली ही कुळं. गंमत म्हणजे तगरीवर आणि कण्हेरीवर शेपटीला काटा असलेला जो गुबगुबीत हिरवा सुरवंट सापडतो, तो हॉक मॉथचा. त्याचं स्फिंजिडी कूळही याच अधिकुलात येतं. म्हणजे रेशीम पतंगांचा तो चुलतभाऊ, पण रेशमाचा कोष मात्र तो विणत नाही. नवखे लोक या दोघांत नेहमी गोंधळतात.

सॅटर्निडीमध्ये आपल्या कामाच्या दोन जमाती आहेत. अ‍ॅटॅसिनी जमातीत अ‍ॅटलस (अ‍ॅटॅकस) आणि एरी (सामिया) येतात. सॅटर्निनी जमातीत चंद्रपतंग (अ‍ॅक्टियास) आणि टसर (अँथेरिया). आसामचा सोनेरी मुगा हाही अँथेरियाच, जाती तेवढी वेगळी. तुती, टसर, एरी आणि मुगा हे चारही प्रकारचं रेशीम काढणारा भारत हा एकमेव देश आहे, आणि त्यातले तुती सोडून तिन्ही याच रानटी कुळाच्या जिवावर चालतात.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली नावं दिली तेव्हा तुतीचा किडा आणि अ‍ॅटलस हे दोन्ही एकाच ‘फॅलीना’ प्रजातीत घातले होते. त्याच्या हिशेबी हॉक मॉथसारखे काही सोडले तर बाकी सगळे पतंग फॅलीना. पुढे त्यातून कुळं फुटत गेली आणि ते काम अजून संपलेलं नाही. टसरला कुणी अँथेरिया मिलिटा म्हणतं, कुणी अँथेरिया पॅफिया. या दोन वेगळ्या जाती की एकच, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या अ‍ॅटलसला अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस ही स्वतंत्र जाती मानतात. नवख्याने या भांडणात पडू नये. नोंदीत ‘अँथेरिया’ किंवा ‘अ‍ॅटॅकस’ एवढं लिहून थांबलात तरी ती चोख नोंद असते. छातीठोकपणे चुकीची जाती लिहिण्यापेक्षा केव्हाही बरी.

पायरी २: तीन पतंग पाठ करा

ठाणे-नवी मुंबईत सुरुवातीला एवढे तीन पुरे.

अ‍ॅटलस: पंख पसरले की चोवीस सेंटिमीटरपर्यंत जातो. रंग विटकरी-तपकिरी, प्रत्येक पंखावर काचेसारखी आरपार त्रिकोणी खिडकी. तिथे खवलेच नसतात. पुढच्या पंखाचं टोक वाकडं, नागाच्या तोंडासारखं दिसतं.

चंद्रपतंग, अ‍ॅक्टियास सेलेने: फिकट पोपटी, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला जांभळट-तांबडी पट्टी, मागच्या पंखांना लांब पिळदार शेपट्या. हा कुणालाच चुकत नाही. त्या शेपट्या शोभेच्या नाहीत. याच्या अमेरिकी नातेवाइकावर, लूना पतंगावर, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की उडताना गरगरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळाचा नेम चुकतो. ते शेपटीवर झडप घालतं आणि पतंग निसटतो.

टसर: चारही पंखांवर गोल डोळा, डोळ्याच्या मध्यभागी पारदर्शक ठिपका. नर बहुधा तांबूस-तपकिरी, मादी पिवळट किंवा राखाडी.

नर-मादी ओळखायला रंगापेक्षा मिशा बघा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या. मादीच्या अरुंद आणि पोट जाड. हा नियम तिघांनाही लागू पडतो.

पायरी ३: झाडं

ऐन आधी शिका. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली, आणि पानाच्या मागे देठाजवळ दोन गाठी. टसरचं हे लाडकं झाड. त्याचाच भाऊ अर्जुन; पांढरट गुळगुळीत सालीचा, रस्त्याकडेला आणि बागांतून मुद्दाम लावलेला. सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामावर, बोरीवर आणि जांभळीवरही टसरचे सुरवंट वाढतात, म्हणून जंगलात पाऊल न टाकताही अभ्यास सुरू करता येतो.

चंद्रपतंगासाठी मोई बघा, काही ठिकाणी तिला शेमट म्हणतात. उन्हाळ्यात ती पूर्ण निष्पर्ण असते आणि येऊरच्या उतारांवर भरपूर आहे. अ‍ॅटलसच्या आवडी जास्त घरगुती: सीताफळ, रामफळ, पेरू, लिंबू, दालचिनी. ओवळ्यापासून कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रस्त्याच्या मागच्या बाजूला ज्यांच्या वाड्या अजून शिल्लक आहेत, त्यांच्याकडे यातलं निदान एक झाड सापडतंच. ओवळ्याला ओवळेकरवाडी ही फुलपाखरांची बाग आहे. खाद्यवनस्पती आणि सुरवंट यांचं नातं डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सकाळ तिथे घालवा. नवी मुंबईकरांनी खारघरच्या टेकड्या आणि पारसिकचा डोंगर धरावा.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग आहे. तिथून कोष, सुरवंट, अगदी मेलेला पतंगही उचलून आणायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून काहीही काढून नेणं हा गुन्हा आहे. रात्री दिवे लावून पतंग बघायचे असतील तर वनखात्याची परवानगी हवी. आणि बिबट्या आहे, हे येऊरकरांना वेगळं सांगायला नको.

पायरी ४: केव्हा काय बघायचं

फेब्रुवारी ते मे: कोष. पानं गळलेली असतात, त्यामुळे उघड्या फांद्यांवर कोष लांबूनही कळतात. माझ्या मते नवख्याने सुरुवात याच दिवसांत करावी. पावसाळ्यात सगळेच येतात, पण तेव्हा पानांच्या गर्दीत काही दिसत नाही.

जून-जुलै: पहिल्या दमदार पावसानंतर पतंग बाहेर येऊ लागतात. जुलै ते ऑक्टोबर: सुरवंट. अधूनमधून पतंगांची दुसरी फेरीही होते. त्यानंतर शेवटची पिढी कोषात शिरते आणि पुढच्या पावसाची वाट बघत बसते.

पायरी ५: जीवनचक्र, टप्प्याटप्प्याने

*अंडी.* मादी पानांच्या खालच्या बाजूला लहान लहान पुंजक्यांत अंडी घालते. अ‍ॅटलसचं अंडं अडीच मिलिमीटर, टसरचं त्याहून किंचित मोठं. आपल्या उष्ण दमट हवेत आठ ते चौदा दिवसांत फुटतात. बाहेर आलेला सुरवंट बहुतेक वेळा आधी अंड्याचं कवच खातो, मग पानाकडे वळतो.

*सुरवंट.* हे खाण्याचं यंत्रच. सुरवंट जे खाईल त्यावरच पुढचं अख्खं आयुष्य निभवायचं असतं, कारण पतंगाला खाण्याजोगं तोंडच उरत नाही. टसर चार वेळा कात टाकतो, म्हणजे त्याच्या पाच अवस्था होतात. महिना-दीड महिन्यात दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो. अंगाचा रंग हिरवा, कुशीवर पिवळी रेघ आणि काही ठिपके चांदीसारखे चकाकतात. अ‍ॅटलसचा सुरवंट निळसर हिरवा, मांसल काट्यांचा आणि अंगावर पांढरी मेणचट पूड असलेला. पूड बोटाला लागते, म्हणून बोट लावू नका. चंद्रपतंगाचं पिल्लू आधी तांबडं-काळं असतं आणि मोठं होताना हिरवं होतं, अंगावर पिवळ्या गाठी. पहिल्या आणि शेवटच्या अवस्थेचे फोटो शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत हे पटत नाही.

सुरवंट शोधायचा तर मान वर करून झाड न्याहाळण्याआधी जमीन बघा. मोठ्या सुरवंटाच्या लेंड्या मिऱ्याहून मोठ्या, पिंपासारख्या आणि उभ्या खाचा असलेल्या असतात. पार्क केलेल्या गाडीच्या टपावर त्या ताज्या पडलेल्या दिसल्या की सरळ वर बघायचं. सोसायटीचे माळीकाका हे पहिले ओळखतात. त्यांच्याशी दोस्ती ठेवा. फवारणी केव्हा आहे हेही त्यांनाच माहीत असतं, आणि तो दिवस चार-सहा आठवडे पुढे ढकलायला सांगायचं तरी त्यांनाच सांगावं लागतं.

कधी सुरवंट डोकं किंचित उचलून तासन् तास निश्चल बसलेला दिसतो. मेला असं समजून त्याला फांदीवरून काढू नका. तो कात टाकायच्या तयारीत असतो. त्याने फांदीवर रेशमाची बारीक गादी घातलेली असते आणि तिच्यात पाय रोवलेले असतात. त्या आधारावरच तो जुन्या कातडीतून पुढे सरकतो. उपटला की कात अर्धवट अडकते आणि जीव जातो.

आणखी एक सावधगिरी. या तिघांचे सुरवंट खाजरे नाहीत, पण आंब्यावर आणि इतर झाडांवर त्यांच्याच आगेमागे असे काही सुरवंट असतात ज्यांचे केस टोचले की हात दिवसभर भणभणतो. ओळख पक्की होईपर्यंत कुठल्याच केसाळ सुरवंटाला हात नको.

*कोष.* खाणं संपलं की सुरवंट पोट रिकामं करतो आणि विणायला बसतो. रेशीम येतं खालच्या ओठाजवळच्या छिद्रातून. दोन ग्रंथींतून फायब्रोइनचे दोन धागे निघतात आणि सेरिसिन नावाचा डिंक त्यांना चिकटवून एक करतो. डोकं आठच्या आकड्यासारखं फिरत राहतं.

तिघांची विणायची तऱ्हा मात्र वेगवेगळी. टसर आधी फांदीभोवती रेशमाचं घट्ट कडं घालतो, त्यातून जाड देठ खाली सोडतो आणि देठाला अंडाकृती, टणक कोष टांगतो. पान गळून पडलं तरी कोष फांदीवर राहतो. अ‍ॅटलस पानात गुंडाळून घेतो, पण आधी त्या पानाचा देठ फांदीला रेशमाने बांधून टाकतो, म्हणजे पानगळीत पान खाली येत नाही. चंद्रपतंग पानांच्या आत पातळ कागदी कोष करतो आणि पानांबरोबर खाली पडतो. मोईखालच्या पाचोळ्याला काडी लावण्याआधी हे आठवा. त्यात पुढच्या जूनचे पतंग झोपलेले असतात.

कोषात काही दिवसांत सुरवंटाचा प्युपा होतो, म्हणजे सुरवंट आणि पतंग यांच्या मधली निश्चल अवस्था. पाऊस चालू असेल तर महिन्याभरात पतंग बाहेर. हंगामाची शेवटची पिढी असेल तर प्युपा वाढच थांबवतो आणि सात-आठ महिने तसाच राहतो. मार्चमध्ये बाहेर येऊन करायचं काय? अंडी घालायला पानच नसतं.

पूर्व विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ढिवर समाजाचे लोक हाच टसर ऐन-अर्जुनावर पिढ्यान् पिढ्या पाळत आले आहेत. त्याचं कापड म्हणजे कोसा. तिथे सुरवंट झाडावर सोडून पाखरांपासून, मुंग्यांपासून राखायचे असतात, म्हणजे निम्मी शेती आणि निम्मी राखण. तुतीचा किडा मात्र छपराखाली, ट्रेमध्ये वाढतो. शेवटी त्याला ‘चंद्रिके’वर, म्हणजे त्यासाठीच केलेल्या चटईवजा साच्यावर, कोष विणायला सोडतात. पंचवीस-अठ्ठावीस दिवस सुरवंट, तीन-चार दिवस विणकाम आणि दहा-बारा दिवसांत पतंग. मुलांना जीवनचक्र घरी दाखवायचं असेल तर हाच किडा आणावा, तुतीचा ताजा पाला मिळत असेल तरच. रानटी जातींवर घरात प्रयोग नकोत.

*पतंग.* टसरचा पतंग बाहेर पडताना तोंडातून कोकूनेझ नावाचं विकर सोडतो. त्याने सेरिसिन सैल पडतं आणि धागे बाजूला सारून तो निघतो. अ‍ॅटलसच्या कोषाचं एक टोक मुळातच सैल विणलेलं असतं. बाहेर आल्यावर पंख ओल्या फडक्यासारखे लोंबत असतात. पतंग उभा लटकून पंखांच्या शिरांत रक्तद्रव भरतो. या तासाभरात त्याला हलवलं, पाडलं किंवा आडवं ठेवलं तर पंख वाकडेच सुकतात, कायमचे.

मादी फार उडत नाही. कोषाजवळच बसून ती गंधद्रव्य सोडते, आणि पिसांसारख्या मिशांचे नर तो माग धरून दुरून येतात. मीलन, मग अंडी, मग संपलं. अंगात सुरवंटपणी साठवलेली चरबी असेल तेवढेच दिवस. म्हणून भिंतीवरच्या पतंगापुढे साखरपाण्याची वाटी ठेवू नका. ठेवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पतंगाला ते पिताच येत नाही.

पायरी ६: जुना कोष वाचा

हे फारसं कुणी शिकवत नाही, आणि मला तरी सगळ्यात रंजक वाटतं. झाडावरचा कोष हातात न घेता जवळून बघा.

एका टोकाला मोठं, कडेचे धागे पिंजारलेलं भोक असेल तर पतंग सुखरूप गेला. कोषाच्या कुशीत छोटं, गोल, स्वच्छ कापलेलं भोक असेल तर आतून परजीवी बाहेर पडला. टसरवर दोन शत्रू प्रसिद्ध आहेत: उझी माशी, जी सुरवंटावर अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते, आणि झँथोपिम्प्ला ही पिवळी गांधीलमाशी, जी थेट कोषातल्या प्युपाला गाठते. वेडंवाकडं मोठं भगदाड असेल तर ते पक्ष्याचं किंवा उंदीर-खारीचं काम समजा. भोकच नसेल तर आत कुणीतरी आहे, किंवा होतं. जून उलटेपर्यंत थांबा आणि पुन्हा येऊन बघा.

पायरी ७: गच्चीवरची चादर

सोसायटीची परवानगी काढा, अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली दमट रात्र निवडा. दोरीवर पांढरी चादर, तिच्यापुढे एक दिवा. रात्री आठपासून छोटे पतंग येऊ लागतात. मोठे पाहुणे बरेचदा मध्यरात्रीच्या पुढेमागे. चहाचा थर्मास न्या. डोंगराकडे तोंड असलेली गच्ची असेल, वर्तकनगर, घोडबंदर किंवा बेलापूरची, तर नशीब जोरावर.

एक अट पाळाच: उठताना दिवा बंद करा आणि चादर हलकेच झटकून पतंग झाडीत सोडा. रात्रभर दिवा चालू राहिला तर सकाळी कावळे आणि बुलबुल आयती मेजवानी उरकतात. सोसायट्यांचे फ्लडलाइट रोज हेच करतात, त्याला आपली भर नको.

पायरी ८: घरात आलाच तर

दिवे घालवा, खिडकी उघडा, झोपी जा. सकाळपर्यंत बसलाच असेल तर त्याच्या पायांपुढे काडी किंवा जाड कागद धरा, तो चढतो. मग सावलीतल्या झाडावर ठेवा. पंख चिमटीत धरू नका, खवले निघतात.

मादीने भिंतीवर अंडी घातली असतील तर पुठ्ठ्याच्या कडेने हलकेच सोडवून डबीत ठेवा. झाकणाला बारीक भोकं, आत पाणी अजिबात नको. नराशी गाठ पडलेली नसेल तर अंडी फुटणारच नाहीत. फुटली तर पिल्लं मऊ कुंचल्याने आवारातल्या योग्य झाडाच्या कोवळ्या पानांवर सोडा: अ‍ॅटलस रामफळ-पेरूवर, टसर बदाम-अर्जुनावर. जगतील त्यातली मोजकीच, आणि रानातही तसंच होतं.

पायरी ९: नोंद

चार फोटो काढा: पंखांची वरची बाजू, खालची बाजू, मिशा आणि झाड. झाडाचा फोटो सगळे विसरतात आणि ओळख पटवणारे नेमका तोच मागतात. तारीख, वेळ, परिसर लिहून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका. जाती ताडून बघायला ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ ही साइट उत्तम आहे. जुलैच्या अखेरीस जगभर पतंग सप्ताह होतो. २०१२ साली अमेरिकेत सुरू झाला, आता आपल्याकडेही पाळतात. पहिली नोंद टाकायला तो आठवडा चांगला, कारण त्या दिवसांत ओळख सांगणारे जाणकार जागे असतात.

कोषाची नोंद करताना नकाशावरचं नेमकं ठिकाण मात्र झाकून ठेवा. आयनॅचरलिस्टवर तशी सोय आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘येऊर’ एवढं लिहिलं की पुरे.